परक्या खांद्यावरचा काळा झगा

मी एक काळा झगा बोलतोय. न्यायाधीश कोर्टात बसताना अंगावर चढवतात ना, तोच. सध्या मुक्काम मनिलात, देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका दालनात, उंच लाकडी कपाटात. कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत, हवा गार आहे, आणि रोज सकाळी एक शिपाई येऊन माझ्यावरून ब्रश फिरवतो. बघणारा म्हणेल, ह्या झग्याचं सोनं झालं.

सोनं कसलं, कपाळ माझं! मला दगा झालाय. परक्यानं दिला असता तर मी तोंडातून ब्र काढला नसता. पण जिच्या घामात मी एकवीस वर्षं भिजलो, तिनंच मला उचलून दुसऱ्याच्या अंगावर घातलं. ऐका आता. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं ऐकत आलो, आज माझं ऐका.

माझा जन्म इलोइलो प्रांतातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात, चर्चसमोरच्या सेसाच्या दुकानात झाला. सेसा शाळेचे गणवेश शिवायची, पदवीदानाचे झगे शिवायची, माणूस मेला की त्याचे शेवटचे कपडेही शिवायची. तिच्या कात्रीला धार होती, पण जिभेला त्याहून जास्त.

त्या वर्षी तिची बालमैत्रीण तेओफिला गेरोची जिल्हा न्यायालयात न्यायाधीश झाली. सगळं गाव तिला जजबाई म्हणायला लागलं. सेसा मात्र 'तेओ'च म्हणायची, आणि तेही ओरडून.

"सरळ उभी राहा गं तेओ! एवढीशी तर आहेस. कापड निम्मं उरेल माझं."

"माप घे, टोमणे मारू नकोस."

"खाली आत वीतभर दुमड ठेवतेय, बाह्यांनाही. उद्या मोठ्या कोर्टात गेलीस तर? खुर्चीबरोबर माणूस उंच होतं म्हणतात."

"कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या मेयरला बघ की. निवडून आल्यापासून त्याला खाली उभी असलेली माणसं दिसतच नाहीत."

दोघी पोट धरून हसल्या. मग सेसानं माझ्या आत, डाव्या बाजूला, एक खिसा शिवला. जजबाईला घाम फार यायचा, रुमालाची सोय म्हणून. तो खिसा लक्षात ठेवा.

जजबाईच्या दालनात दाराच्या मागे एक खुंटी होती, तीच माझी जागा. तिथून मी सगळं ऐकलं. दारात कुणी मासळीची टोपली ठेवून गेलं तर ती शिपायाच्या हाती परत जायची. आंब्यांची करंडी आली तर तीही परत. एकदा एका म्हातारीनं नुसती केळी आणली होती, खटला वगैरे काही नव्हता, तिला बाईला बघायचं होतं. जजबाईनं तिच्यासमोर एक केळं खाल्लं आणि बाकीची तिलाच परत दिली. कडक होती, पण दगड नव्हती.

आमच्याकडे लग्न म्हटलं की नवरानवरीला धर्माचे आईबाप लागतात. चर्चमध्ये ते मागे उभे राहतात आणि मग जन्मभर मागेच उभे राहतात. त्यामुळे मेयर, डॉक्टर, फौजदार, न्यायाधीश ह्यांना फार मागणी. एकदा का तुम्ही कुणाची निनांग, म्हणजे धर्माची आई झालात, की त्याचं अडलेलं काम ते तुमचं काम. जजबाईनं ह्या बाबतीत कानाला खडा लावला होता. कुणाचीही निनांग व्हायचं नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नातही ती पाहुण्यांच्या बाकावर बसली. भावजय तिच्याशी चार वर्षं बोलली नाही.

हा नियम तिनं एकदाच मोडला. क्रिसांतो नुफाब्लेसाठी.

सांतो तिच्याच कोर्टात कारकून होता. दिवसा फायली लावायचा, संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जायचा. आईबाप बोट उलटून गेले होते. एके दुपारी तो दालनात आला, हातात लग्नाची पत्रिका.

"मॅडम, नाही म्हणणार हे ठाऊक आहे. पण माझ्या बाजूनं चर्चमध्ये उभं राहायला खरंच कुणी नाही हो. तिच्या बाजूला बारा माणसं उभी राहणार. माझ्या बाजूला नुसता खांब."

जजबाईनं पत्रिका त्याच्या हातून घेतली. मग म्हणाली, "एका अटीवर. लग्नानंतर तू माझ्याकडे कधी काही मागायचं नाहीस."

"शपथ, निनांग," तो म्हणाला. तिला निनांग म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा. तो गेल्यावर तिनं माझ्या खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. मला वाटलं घाम असेल.

काही वर्षांनी सांतो वकील झाला. मग एक खटला आला. किनाऱ्यावर कोळंबीचं तळं बांधणारा एक बडा मालक, आणि त्यानं समुद्राकडची वाट अडवलेली सोळा कोळी कुटुंबं. कोळ्यांचा वकील सांतो. जजबाईनं पहिल्याच तारखेला दोन्ही वकिलांना आत बोलावलं.

"हा माझा धर्माचा मुलगा. मी हा खटला ऐकणार नाही. दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवते."

मालकाचे म्हातारे वकील हात जोडून म्हणाले, "जजबाई, दुसरा न्यायाधीश मिळायला तीन वर्षं जातील. मालक आणि कोळी, दोघंही तोवर मरतील. सगळ्या प्रांताला ठाऊक आहे तुम्ही कशा आहात. मी लिहून देतो, आमची हरकत नाही."

आणि त्यांनी लिहून दिलं. साधा एक कागद, तीन प्रती. म्हाताऱ्यांची सही, सांतोची सही, खाली जजबाईची. एक प्रत फायलीत गेली, एक म्हाताऱ्यांनी घेतली, एक सांतोनं. कोर्टाचा कागद घरी नेणं जजबाईच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून तिनं स्वतःसाठी प्रत ठेवली नाही. अति शहाणपणा म्हणतात तो हाच.

वाट मोकळी झाली. वरच्या कोर्टानंही निकाल कायम केला. पुढच्या वर्षी मोठा पूर आला, कोर्टाचा तळमजला बुडाला, त्यात ती फाईल गेली. म्हातारे वकीलही देवाघरी गेले, त्यांचं दप्तर रद्दीत. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कशाला वाटेल?

पुढं जजबाई सेबूच्या अपील न्यायालयात गेली, मीही गेलो. सांतो मनिलाला गेला आणि सरकारी वकिलीत भराभर वर चढला. नाताळला त्याचा फोन यायचा. त्या दिवशी जजबाई इस्त्री करताना गुणगुणायची.

आणि सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी झाली.

आमच्या देशातली पद्धत अशी की एक निवड मंडळ अर्ज मागवतं, नावं वर्तमानपत्रात छापतं, कुणाची तक्रार असेल तर ती घेतं, सगळ्यांसमोर मुलाखती घेतं आणि मोजकी नावं राष्ट्राध्यक्षांकडे धाडतं. त्यांतलं एक राष्ट्राध्यक्ष उचलतात. जजबाईनं सदुसष्टाव्या वर्षी अर्ज केला. पुन्हा संधी येणार नव्हती. तिला त्या खुर्चीची हाव नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. रोज आरशासमोर मला अंगावर चढवताना ती जरा ताठ उभी राहायची.

सुट्टीत गावी आलो तेव्हा सेसाच्या दुकानात हाच विषय. तीनचाकी चालवणारा बेर्तिंग पँट शिवून घ्यायला आला होता.

"कशाला हवं मंडळ न् बिंडळ?" तो म्हणाला. "लोकांनी मतं टाकून न्यायाधीश निवडावेत. सरळ काम!"

"मतं टाकूनच तू मेयर निवडलास ना?" सेसा म्हणाली. "त्यानं न झाकलेल्या गटारात परवा तुझीच गाडी गेली."

"मग चिठ्ठ्या टाका. चर्चच्या जत्रेत सोडतीत डुक्कर जातं तसं."

"डुकराचं बरं असतं, ते निकाल देत नाही."

जजबाई हसून हसून लाल झाली. मग म्हणाली, "चाळणी कुठलीही लावा रे. बसलेल्या माणसानं बसवणाऱ्याला ओळख दाखवता कामा नये. तेवढं जमलं तर मंडळही चालेल, मतंही चालतील, तुझी चिठ्ठीही चालेल."

"म्हणजे उपकार विसरणारा पाहिजे?" बेर्तिंगनं डोळे मोठे केले. "कृतघ्न?"

"हो, बघ. थोडासा कृतघ्नच पाहिजे."

सगळे हसले. मीही सेसाच्या खुंटीवर हसलो. केवढं महागात पडलं ते हसणं!

नावं छापून आली. त्यात सांतोचंही नाव होतं. सेसाचा चेहरा पडला, जजबाईचा फुलला. "माझं पोरगं माझ्याच यादीत!" म्हणून तिनं शेजाऱ्यांना बिबिंका, आमचा तांदळाचा गोड केक, वाटली.

मग एक निनावी तक्रार आली. न्यायाधीश गेरोची ह्यांनी धर्माच्या मुलाचा खटला स्वतः चालवला आणि त्याच्या बाजूनं निकाल दिला. तेवढंच. खरं होतं, आणि अर्धं होतं. उरलेलं अर्धं त्या कागदावर होतं.

जजबाईनं सांतोला फोन लावला. तो म्हणाला, "निनांग, काळजी कशाला? कागद माझ्या फायलीत आहे. माझी मुलाखत तुमच्या लगेच मागून आहे. मीच घेऊन येतो."

तिनं फोन ठेवला, तशी सेसा उसळलीच. "वेडी का खुळी तू? ज्या खुर्चीसाठी तो उभा आहे, त्याच खुर्चीचा कागद त्याच्याकडे मागतेस? मांजराला दुधावर बसवतेस?"

"सेसा, मी देवासमोर त्याच्या मागे उभी राहिलेय."

"तू राहिलीस. तो कुठं राहिलाय?"

"तो माझा मुलगा आहे," जजबाई म्हणाली आणि विषय संपवला. वकिलीपासून धरून तीस वर्षं जिनं साक्षीदारांचे चेहरे वाचले, ती बाई असं बोलली. आमच्या माणसांची खोड आहे ही. धर्माच्या नात्यापुढं अक्कल गहाण.

मनिलाच्या मुलाखतीला झगा घालत नाहीत. पण सेसानं मला पिशवीत घालून बरोबर घेतलं. "आपला एक माणूस असावा," म्हणाली. पिशवी तिच्या मांडीवर, माझी एक बाही बाहेर. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

जजबाई छान बोलली. कायद्यावर बोलली, तुरुंगात खटल्याविना सडणाऱ्यांवर बोलली. मग मंडळातल्या एका वयस्कर सदस्यानं चष्मा पुसत विचारलं, "तो खटला तुम्ही का सोडला नाहीत?"

तिनं सगळं सांगितलं.

"कागद कुठं आहे?"

"बाहेर बसलाय तो घेऊन," ती म्हणाली. तिच्या आवाजात केवढा अभिमान होता, अहो! "पुढची मुलाखत त्याचीच आहे. त्यालाच विचारा."

ती उठून आमच्या शेजारी येऊन बसली. सांतो आत आला. अंगात समारंभाचा पांढराशुभ्र बारोंग सदरा, केसांना तेल. जाताना त्यानं तिच्याकडे बघून मान झुकवली. हातात काहीच नव्हतं.

त्याच सदस्यानं विचारलं, "असा काही कागद होता का?"

सांतोनं बारोंगची बाही सारखी केली. सेसानं माझी बाही इतकी आवळली की शिवण कुरकुरली.

"महोदय, इतकी वर्षं झाली. मला नक्की आठवत नाही."

झालं. 'नव्हता' म्हणाला असता तर तो खोटं बोलला असता, आणि खोटं कधीतरी पकडता येतं. हा नुसता विसरला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पुष्कळ पाहिले, पण केसानं गळा कापणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

जजबाईनं पिशवीत हात घालून माझा खिसा चाचपला. रुमाल नव्हता. मग तिनं माझ्याच बाहीनं कपाळ पुसलं.

"मंडळाला पत्र लिही!" बाहेर आल्यावर सेसा किंचाळली. "फोनवर काय म्हणाला होता ते लिही!"

"माझ्या शब्दाविरुद्ध त्याचा शब्द," जजबाई म्हणाली. "आणि खुर्ची मलाही हवी आहे. अशा साक्षीदाराचं मी स्वतः ऐकलं असतं का?"

मंडळाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. सांतोचं आलं. महिन्याभरात राष्ट्राध्यक्षांनी त्याचंच नाव उचललं.

खुर्ची गेली ते एक वेळ सोसलं असतं. गावी परतलो तर दारात आंब्यांची करंडी, खाली मासळी, आणि सहा लग्नपत्रिका. लोक हसतमुख! बेर्तिंगची बायकोसुद्धा आली होती. "आम्ही उगाच तुम्हाला कडक समजायचो हो जजबाई. आपल्या माणसाचं करता तुम्ही. आमच्या धाकट्याची निनांग व्हा ना!" शिवी दिली असती तर परवडलं असतं. जजबाईनं एकेक करंडी परत पाठवली, तर लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागले, की आंबे कमी पडले वाटतं.

आणि मग सांतोचा फोन आला. शपथविधीला नव्या न्यायाधीशाच्या अंगावर घरच्या माणसानं झगा चढवायचा असतो. "निनांग, मला आईबाप नाहीत. तुम्हीच या."

"चपलेनं चढव!" सेसा म्हणाली.

जजबाई उठली, खुंटीवरून मला काढलं आणि सेसाच्या मशीनवर ठेवलं. "दुमड उसव. तो उंच आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सेसालाही तसंच वाटलं. "हा? हा झगा? त्या हरामखोराला? डोकं फिरलं का तुझं!"

"धर्माची आई रिकाम्या हातानं जात नाही."

"तू त्याला माफ केलंस?"

"नाही," जजबाई म्हणाली. "आयुष्यात करणार नाही. पण मी चर्चमध्ये शब्द दिलाय. तो विसरला म्हणून मी विसरू? आणि ह्या झग्यानं एकवीस वर्षं कुणाचं काही घेतलेलं नाही. त्या कोर्टात निदान हा तरी जाऊ दे."

मोठी माणसं मोठं बोलतात, पण मला कुणी विचारलं? मी सांतोची निनांग नव्हतो. मी देवाला शब्द दिला नव्हता. तिनं दुःख गिळलं आणि मला वाढून दिलं! सेसा रडत रडत, शिव्या देत देत दुमड उसवत होती. प्रत्येक टाक्याला माझा जीव जात होता. उसवल्यावर खाली वीतभर कापड निघालं, नवंकोरं, गर्द काळं. वरचा मी विटलेला. मधे रेघ उमटली, आणि किती इस्त्री केली तरी गेली नाही.

शपथविधीला फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. जजबाईनं टाचा उचलून मला त्याच्या खांद्यावर टाकलं. गळ्याचा हूक लावताना तो पुटपुटला, "निनांग, मी तुम्हाला सगळं समजावून सांगणार आहे."

ती म्हणाली, "आत डावीकडे खिसा आहे. तुला घाम येईल."

मग ती वळली आणि सेसाचा हात धरून पायऱ्या उतरून गेली. तिनं मागे वळून बघितलं नाही. त्याच्याकडे नको बघू, पण माझ्याकडे? एकवीस वर्षं, अगं, एकवीस वर्षं!

तेव्हापासून मी इथं आहे. सांतो रोज मला घालतो. दुसरा झगा शिवून देऊ का असं शिपायानं विचारलं तर नको म्हणाला. कामही बरं करतो, खोटं कशाला बोलू? ज्यांनी त्याचं नाव पुढं केलं, त्यांच्याविरुद्धही दोनदा निकाल दिला. जजबाईनं मागितलेला कृतघ्न माणूस देशाला मिळाला. फक्त त्याची सुरुवात तिच्यापासून झाली.

ह्या वर्षी जजबाईनं मुदतीआधीच राजीनामा दिला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि त्यांतल्या दोन त्या तक्रारीबद्दल होत्या. त्या दुपारी सांतोनं दालनाचं दार लावून घेतलं, टेबलाच्या कुलपाच्या खणातून एक घडी घातलेला कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचला. त्याला फाडायचा होता, हात तसा गेलाही. मग तो माझ्यापाशी आला आणि तो कागद माझ्या डाव्या खिशात सरकवला.

तिन्ही सह्या आहेत त्यावर. शाई जरा फिकटली आहे, पण वाचता येते.

आता तो कोर्टात जाण्यापूर्वी रोज खिशावर हात ठेवतो. घामाघूम होतो, पण रुमाल ठेवायला जागा नाही. रोज वाटतं, आज काढेल, आज कुणाला तरी दाखवेल. मग तो हात काढून घेतो आणि निकाल द्यायला जातो.

तिकडे गावात जजबाई आंबे परत पाठवत बसली असेल. तिच्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. पण तिचं नाव माझ्या पोटाशी पडलंय आणि मला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. उद्या तुम्ही न्यायाधीश मतांनी निवडा, मंडळानं निवडा, चिठ्ठ्या टाका. त्याला कायदा विचारा, हरकत नाही. पण एकदा त्याच्या झग्याच्या आतल्या डाव्या खिशात हात घालून बघा. इथला शिपाई रोज सकाळी येतो, बाहेरून ब्रश फिरवतो, आणि कपाट बंद करून जातो.